शेंगदाण्याएवढी गाठ, नऊ हजार किलोमीटरची वाट

सोलापूरची शेंगाचटणी ज्या दाण्यांची होते, त्यातला एक दाणा डोळ्यांसमोर आणा. लांबी सेंटिमीटरभर, वजन ग्रॅमच्या आतबाहेर. मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ एवढी झाली, की तिच्यात साधारण १०० कोटी पेशी असतात. शंभर कोटी! मोजायला बसूया. दर सेकंदाला एक पेशी. जेवण नाही, झोप नाही, दिवाळी नाही, गड्ड्याची जत्रा नाही. मोजणी संपायला ३१ वर्षं आणि आठ महिने लागतील. आज पाळण्यात असलेल्या बाळाला कामाला लावलं, तर शेवटची पेशी मोजताना त्याचं स्वतःचं लेकरू शाळेत जात असेल.

आणि हा झाला फक्त एक दाणा, तोही जागेवर बसलेला. खरा हिशेब तो हलायला लागल्यावर सुरू होतो.

१९७५ साली बटलर आणि गुलिनो या दोन संशोधकांनी उंदरांमधल्या गाठींवर एक विलक्षण मोजमाप केलं. गाठीतून बाहेर पडणारं रक्त गोळा केलं आणि त्यात गाठीच्या किती पेशी आहेत ते पाहिलं. उत्तर आलं: एक ग्रॅम गाठ, एक दिवस, ३० ते ४० लाख पेशी. माणसाच्या आतड्यातली गाठ याहून थोड्या सोडेल किंवा जास्त सोडेल, पण हाच आकडा हाताशी धरून पुढे चालूया. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या होती ९,५१,५५८. म्हणजे एका दाण्यातून एका दिवसात तीन ते चार सोलापुरं बाहेर पडली. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या होती ४३,१७,७५६. करमाळा ते अक्कलकोट आणि बार्शी ते सांगोला, सगळी माणसं मिळून जवळपास तेवढ्या पेशी. रोज!

त्यांना गाडीत बसवूया. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये दीड हजार प्रवासी धरले, तर ३० लाख पेशींसाठी २,००० गाड्या लागतील. चोवीस तासांत दोन हजार गाड्या म्हणजे सोलापूर स्टेशनातून दर ४३ सेकंदांनी एक भरलेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस. पहिलीचा शेवटचा डबा फलाट सोडतोय तोवर दुसरी शिट्टी देतेय. दिवसभर, रात्रभर, महिनोन् महिने.

आता या गाड्या जातात कुठे?

रस्ता आधी पाहू. माणसाच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर एक लाख किलोमीटर भरतील, हा आकडा शाळेपासून आपण ऐकतो. तो डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबातून आलेला आहे. आजचे अंदाज त्याहून खूपच कमी आहेत, ९,००० ते १९,००० किलोमीटर. आपण सगळ्यात लहान आकडा घेऊ, कारण तोही तोंडात बोट घालायला लावतो. ९,००० किलोमीटर म्हणजे मुंबई-पुणे हे अंतर साठ वेळा. घाट चढायचा, घाट उतरायचा, साठ वेळा! आणि हे सगळं साडेपाच फुटांच्या माणसात गुंडाळून बसवलेलं.

या रस्त्यावरून वाहणारं रक्त? हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, दिवसाला ७,२०० लिटर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आठवते ना? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी ती आपल्याच जिल्ह्यातून धडधडत जायची. पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर पाणी. मूठभर हृदय वर्षभरात ती अख्खी गाडी उपसतं आणि वर लाखभर लिटर जास्त. सत्तर वर्षांच्या आयुष्यात अशा त्र्याहत्तर गाड्या. विहिरींच्या मापात बोलायचं तर वीस फूट रुंद आणि चाळीस फूट खोल, काठोकाठ भरलेल्या पाचशेहून जास्त विहिरी.

मात्र आतड्यातून निघालेल्या गाडीला थेट मुख्य मार्ग मिळत नाही. आतड्याचं रक्त आधी एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं, मिनिटाला लिटरभर, दिवसाला दीड हजार लिटर. मुंबईला जाणाऱ्या गाडीला कुर्डुवाडी चुकवता येत नाही, तसं या रक्ताला यकृत चुकवता येत नाही. म्हणून नातेवाइकांच्या तोंडून जे वाक्य वारंवार ऐकू येतं ते हेच असतं: ‘लिव्हरला गेलंय.’ स्वीडनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा कर्करोग पसरला होता, त्यांच्यातल्या शंभरपैकी सत्तर जणांच्या यकृतात तो पोहोचला होता. छातीत पोहोचलेले मोठ्या आतड्याच्या रुग्णांत ३२ टक्के, तर गुदाशयाच्या रुग्णांत ४७ टक्के. हा फरक कशाचा? गुदाशयाच्या खालच्या भागातल्या शिरा यकृताला बगल देऊन सरळ हृदयाकडे जातात आणि तिथून फुप्फुसात. चार बोटं वरखाली एवढाच जागेचा फरक, आणि गाडीचा मार्गच बदलतो.

यकृत आणि फुप्फुसं ओलांडून जे पुढे सुटतात, त्यांना सगळं शरीर मोकळं. निदान नकाशावर तरी. प्रत्यक्षात रस्ते केवढे आहेत, ते पाहा. केशवाहिनी, म्हणजे रक्ताची सगळ्यात बारीक नळी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात पाच ते दहा भाग रुंद असते. आपण ती फुगवून सोलापूरच्या जुन्या पेठेतला आठ फुटी बोळ करूया. तांबडी पेशी त्यात अंग चोरून, कशीबशी जाते. गाठीतली पेशी याच मापात सोळा ते वीस फुटांची. आठ फुटी बोळात वीस फूट रुंदीचं धूड! आणि हृदयातून निघणारी महारोहिणी याच मापात केवढी व्हावी? पंचवीस हजार फूट, साडेसात किलोमीटर रुंद! साडेसात किलोमीटर रुंदीचा हमरस्ता फुटत फुटत आठ फुटी बोळांवर येतो, आणि असे बोळ किती? सुमारे १,००० कोटी. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एकेक बोळ वाटून दिला, तरी दोनशे कोटी उरतील असे.

गाठीतून सुटलेल्या बहुतेक पेशी तिथंच अडकतात, चेंगरतात, रक्ताच्या रेट्याने फाटतात, रोगप्रतिकारक पेशींच्या तोंडी पडतात. किती मरतात? १९७० साली आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या आणि त्यांचा माग काढला. एका दिवसानंतर हजारात एकही धड उरली नव्हती. नवी गाठ धरण्यापर्यंत पोहोचली ती दहा हजारांत एखादीच, तीही जेमतेम.

म्हणूनच रुग्णाच्या रक्तात या पेशी शोधणं हे काम ऐकूनच छाती दडपते. साडेसात मिलिलिटर रक्त घेतात, दीड चमचा. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात त्यात तीन किंवा जास्त कर्कपेशी सापडल्या, तर ते काळजीचं लक्षण मानतात. तीन! आणि त्याच दीड चमच्यात तांबड्या पेशी असतात ३,७५० कोटी. एका पेशीचं एक रुपयाचं नाणं करूया. ३,७५० कोटी नाणी एकमेकांना चिकटवून जमिनीवर मांडत गेलो, तर रांग आठ लाख किलोमीटरच्या पुढे जाईल. चंद्रापर्यंत पोहोचेल, परत पृथ्वीवर येईल आणि तरी नाणी उरतील. त्या रांगेत तीन नाणी खोटी आहेत, ती शोधा! आणि हा दीड चमचा झाला. पूर्ण शरीरात तांबड्या पेशी सुमारे २५ लाख कोटी. आपलं उजनी धरण काठोकाठ भरलं की ११७ टीएमसी, म्हणजे ३.३ लाख कोटी लिटर पाणी. उजनीतल्या एकेका लिटरमागे साडेसात तांबड्या पेशी येतील, एवढा हा पसारा.

आता मुख्य चमत्काराकडे येऊ. डॉक्टरांच्या मासिकांत अधूनमधून अशा रुग्णांच्या कहाण्या छापून येतात, ज्यांचा आतड्याचा कर्करोग भलत्याच जागी उगवला. थायरॉइडमध्ये, प्लीहेत, मांडीच्या स्नायूत, डोळ्याच्या पडद्यामागे, हिरडीत, टाळूच्या कातडीत, हृदयाच्या भिंतीत. वाचून पहिला प्रश्न पडतो, तिथवर गेला कसा? आकडे मांडल्यावर प्रश्न नेमका उलटा होतो. तिथं इतक्या कमी वेळा कसा उगवतो?

स्नायू घ्या. शरीराच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग. माणूस नुसता बसलेला असतानाही त्यांच्याकडे मिनिटाला लिटरभर रक्त जातं, वर्षाला सव्वापाच लाख लिटर, म्हणजे मघाच्या मापाची दीड विहीर. एवढ्या प्रवाहातून येणाऱ्या पेशी, एवढं पसरलेलं रान, आणि तरी आतड्याचा कर्करोग स्नायूत उगवणं इतकं दुर्मीळ, की एखादा रुग्ण भेटला तर त्याच्यावर लेख लिहिला जातो!

प्लीहा घ्या. वजन दीडशे ग्रॅम. दर मिनिटाला तिच्यातून तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त रक्त फिरतं. हृदयाचंही जवळपास तसंच, त्याचे स्वतःचे स्नायू दर मिनिटाला पावशेर रक्त पितात. दोन्हीकडे हा कर्करोग क्वचितच.

आणि थायरॉइड! गळ्यातली ही वीस ग्रॅमची ग्रंथी, वजनाच्या मानाने शरीरातल्या सगळ्यात जास्त रक्त पिणाऱ्या अवयवांतली एक. दर ग्रॅमला मिनिटाला सुमारे पाच मिलिलिटर. वीस ग्रॅमला १०० मिलिलिटर. दिवसाला १४४ लिटर, तिच्या वजनाच्या सात हजार पट! साठ किलोच्या माणसाने याच प्रमाणात पाणी प्यायचं ठरवलं, तर त्याच्या दारात रोज दहा हजार लिटरचे त्रेचाळीस टँकर उभे राहिले पाहिजेत. रोज त्रेचाळीस टँकर उतरतात, प्रत्येकात बी असण्याची शक्यता, आणि पीक जवळजवळ कधीच येत नाही.

स्टीफन पॅजेट या लंडनच्या शल्यचिकित्सकांनी १८८९ मध्येच हे हेरलं होतं. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी चाळल्या आणि म्हणाले, बी चहूकडे उडतं, पण उगवतं ते मानवणाऱ्या मातीतच. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जी ज्वारी डोलते, ती मुरमाड माळावर टाकली तर काय होईल ते सोलापूरकराला सांगायला नको. पॅजेटनंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९८४ साली, इंग्लंडमधल्या डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी याचा माणसांमधला पुरावा दिला. पोटात कर्करोगाचं पाणी साठलेल्या रुग्णांचा त्रास कमी करण्यासाठी ते पाणी नळीवाटे थेट मानेतल्या शिरेत सोडत असत. त्या पाण्याबरोबर लक्षावधी जिवंत कर्कपेशी रोज रक्तात जात होत्या. तरीही पुढे शवविच्छेदनात अनेकांच्या शरीरात त्या नळीमुळे एकही नवी गाठ सापडली नाही. लाखो पेशी, दररोज, महिनोन् महिने, आणि शरीराने एकीलाही थारा दिला नव्हता! मला तर या सगळ्या विषयातला हाच प्रयोग सगळ्यात थरारक वाटतो.

पण दहा हजारांतली एखादी पेशी माती शोधतेच, आणि कधी कधी आडवाटेने. १८९६ मध्ये जर्मनीचे फ्रीड्रिख क्रुकेनबर्ग यांनी अंडाशयातल्या एका विचित्र गाठीचं वर्णन केलं. ती तिथली नव्हतीच, पचनमार्गातून तिथे पोहोचलेली होती, हे नंतर कळलं. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीचं झडपा नसलेल्या शिरांचं जाळं दाखवलं. खोकला आला, जोर लावला, की त्यात रक्त उलटं वाहू शकतं, आणि फुप्फुसाचं फाटक न ओलांडता पेशी कण्यापर्यंत आणि डोक्यापर्यंत चढू शकते. मेंदूला हृदयातलं पंधरा टक्के रक्त मिळतं, तरी आतड्याचा कर्करोग तिथं पोहोचतो तो शंभरात एक ते चार रुग्णांत.

आणि बेंबी! अमेरिकेत रॉचेस्टरच्या रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ शस्त्रक्रियेआधी रुग्णांची पोटं स्वच्छ करायच्या. बेंबीत टणक गाठ लागली, तर पोटात कर्करोग पसरलेला निघतो, हे त्यांच्या बोटांनी ओळखलं. १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला त्यांचंच नाव दिलं. आज स्कॅनमध्ये लाखो रुपयांची यंत्रं जे शोधतात, ते एका परिचारिकेने स्पर्शातून शोधलं होतं.

भलत्या जागी उगवलेल्या या गाठीची बायोप्सी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की आणखी एक धक्का बसतो. टाळूच्या कातडीत, जिथे केसांची मुळं असायची, तिथे चक्क आतड्यातल्यासारख्या नळ्या दिसतात, आणि त्या चिकट स्राव गाळत असतात! वर डोळ्यात किंवा खाली मांडीत, पेशी आपलं गाव विसरत नाही. सीडीएक्स-टू नावाचं आतड्याचं प्रथिन ती बहुधा तिथेही बनवत राहते, आणि त्यावरून पॅथॉलॉजिस्ट हजार शक्यतांतून तिचं मूळ गाठतो.

आता हिशेब आपल्या मातीत आणूया, कारण या बाबतीत सोलापूर जिल्हा साऱ्या देशाच्या नकाशावर आहे. १९८७ मध्ये बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने यांनी बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावोगावी माणसं पाठवली. रुग्ण दवाखान्यात येईल याची वाट न पाहता ती त्याच्या दारात गेली. पुढे याच मंडळींनी शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला तो १,३१,७४६ महिलांवर. वानखेडे स्टेडियम चार वेळा भरेल एवढ्या बायका, खेड्यापाड्यांतल्या! तो अभ्यास २००९ मध्ये जगाच्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि एचपीव्ही या विषाणूची चाचणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले दिसले.

या पट्ट्यातले आकडे वेगळंच काही सांगतात. २०१२ ते २०१६ च्या राष्ट्रीय नोंदींत उस्मानाबाद आणि बीड इथल्या पुरुषांत सगळे कर्करोग मिळून दर लाखाला ३९.५, देशात सर्वांत कमी. ऐझॉलमध्ये तोच आकडा २६९.४. आणि डेन्मार्क? तिथे एकट्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण लाखाला ४८ च्या घरात. वयाचा फरक वजा करूनही, त्यांचा एक कर्करोग आपल्या शेजाऱ्यांच्या सगळ्या कर्करोगांना मागे टाकतो!

म्हणून निर्धास्त राहावं का? भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण, दिवसाला १९० हून जास्त. जगात १९ लाख, आणि २०२२ च्या एका वर्षात ९ लाख मृत्यू. सोलापूर शहरात २०११ मध्ये जेवढी माणसं होती, जवळपास तेवढी. आपल्याकडे आणखी एक गोष्ट टोचते. टाटा मेमोरियलमधल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये आला, त्यात रुग्णांचं सरासरी वय होतं ४७. पाश्चात्त्य देशांत हा साठीनंतरचा आजार मानतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी शौचावाटे रक्त दिसलं, तर आपल्याकडे मूळव्याध म्हणून चूर्ण आणि मलमावर महिने जातात. त्या महिन्यांची किंमत किती, ते रुपयांत मोजू.

एक रुपया दुप्पट करत चला. दहा वेळा दुप्पट झाला की १,०२४. वीस वेळा झाला की साडेदहा लाख. पेशींत बोलायचं तर वीस दुपटींनंतर गाठ मिलिमीटरभर, मोहरीहून बारीक, सहजी कुणाला न दिसणारी. तीस दुपटी: १०७ कोटी, आपला शेंगदाणा. आता फक्त दहा दुपटी उरल्या, आणि चाळिसाव्या दुपटीला आकडा होतो १,०९,९५१ कोटी, किलोभर वजनाची गाठ! तीस पायऱ्या चढून एक ग्रॅम, पुढच्या दहाच पायऱ्यांत हजार ग्रॅम. स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना कर्टिस यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत पहिली गाडी सुटते तेव्हा मूळ गाठ शेंगदाण्याच्या शंभराव्या भागाएवढीसुद्धा नसते.

शंभरावा भाग! मग हातात उरतं काय? उरतं, आणि भरपूर उरतं, कारण त्याआधीचा काळ अफाट लांब आहे. २००८ मधल्या एका जनुकीय हिशेबानुसार आतड्यातल्या मोठ्या पण निरुपद्रवी कोंबाचा प्रगत कर्करोग व्हायला साधारण १७ वर्षं लागतात, आणि पसरण्याची ताकद यायला त्यानंतर दोन वर्षंही नाहीत. सतरा वर्षं म्हणजे सहा हजार दोनशे रात्री. सिद्धेश्वर एक्स्प्रेस तेवढ्या वेळा मुंबईला जाऊन येते, तोवर तो कोंब जागचा हललेला नसतो. अमेरिकेत २०२१ पासून ४५ व्या वर्षीच तपासणी सुरू करा म्हणतात. शौचातलं न दिसणारं रक्त पकडणारी साधी चाचणी, आणि गरज पडली तर दुर्बीण. दुर्बिणीतून कोंब दिसला की बहुतेकदा त्याच बैठकीत तो कापून काढता येतो.

आणि दुर्बिणीला चालायचं असतं किती? मोठं आतडं दीड मीटर लांब, पाच फूट. कोंब असतो तो या पाच फुटांत. गाडी सुटली, की शोधायचं असतं ९,००० किलोमीटरमध्ये, हजार कोटी बोळांत, चंद्रावर जाऊन परत येणाऱ्या नाण्यांच्या रांगेत. पाच फुटांच्या साठ लाख पट.